तुलारामचा उजवा खांदा

पोहायला कोणी शिकवलं असं विचारलं, की तुलाराम गिऱ्हेपुंजे म्हणायचा, "म्हशीनं." आणि ते खरंच होतं. गावच्या तलावात म्हशी धुवायला नेल्या की तो एकीची शेपटी धरून पलीकडच्या काठापर्यंत जायचा. सात वर्षांचा असताना एकदा मधल्या पाण्यात शेपटी हातातून सुटली. म्हैस पुढे निघून गेली आणि हा हातपाय मारत तिच्या मागोमाग काठाला लागला. घरी सांगितलं असतं तर मार बसला असता, म्हणून सांगितलं नाही.

गाव भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळपासून आठ-नऊ किलोमीटरवर. पूर्वी वैनगंगा गावापासून लांब होती. पुढे धरण झालं आणि तिचं पाणी मागे चढत चढत शेतांच्या बांधाशी आलं. मोहाची, बाभळीची झाडं उभीच्या उभी पाण्यात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांचे काळे शेंडे वर दिसतात, बाकी आठ-नऊ महिने खाली काय आहे ते ज्याला माहीत त्यालाच माहीत. तुलारामला माहीत होतं, कारण त्या झाडांखाली त्यानं गुरं चारली होती.

शाळेत असताना तो जिल्ह्यात पहिला आला आणि नागपूरला विभागीय स्पर्धेला गेला. तळ दिसणारं पाणी त्यानं तिथं पहिल्यांदा पाहिलं. बाकीची मुलं भिंतीजवळ कोलांटी मारून, पायानं भिंत ढकलून परत फिरली. हा भिंतीला हात लावून थांबला, वळला, मग निघाला. पाचवा आला. तेवढ्यावर त्याचं शर्यतीचं पोहणं संपलं. घरी चार एकर धान होतं, वडील थकले होते.

चोविसाव्या वर्षी त्यानं पहिलं प्रेत काढलं. शेजारच्या गावचा एक म्हातारा नदीत गेला होता, पोलीस काठावर उभे होते आणि कोणी उतरायला तयार नव्हतं. तुलाराम उतरला. त्या दिवसापासून आसपासच्या पंधरा-वीस गावांत कोणी बुडालं, की त्याच्याकडे माणूस यायचा, पुढे फोन यायला लागला. काही जिवंत काढले, बरेचसे मेलेले. तो जाताना एक जुनी लुंगी बरोबर न्यायचा, झाकायला. परत आला की बायको निर्मला दाराबाहेरच गरम पाणी ठेवायची. दोन-दोन दिवस त्याला जेवण जायचं नाही.

गावानं त्याला मान दिला, पण लांबून. लग्नात त्याला खुर्ची मिळायची. नवरदेवाला हळद लावायला मात्र कोणी त्याचं नाव घ्यायचं नाही. मेलेल्यांना लागलेले ते हात होते. याला एकच माणूस अपवाद होता, परसराम सेलोकर. दोघं एका बाकावर शिकलेले, शेतं लागून लागून. परसरामला लग्नानंतर पाच वर्षांनी मुलगा झाला, तेव्हा बारशाला त्यानं पोर उचलून सरळ तुलारामच्या मांडीवर ठेवलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. परसराम म्हणाला, "लेकरू कोनाचं हाय? मायं हाय न? मंग गुपचाप राहा." त्या मुलाचं नाव अश्विन. तलावात पोहायला त्याला तुलारामनंच शिकवलं.

मग गेल्या वर्षीचा उन्हाळा आला. तालुक्याला नवे साहेब आले होते. त्यांनी शोध-बचाव पथक उभं केलं, टी-शर्ट वाटले आणि जूनच्या आरंभी मोठ्या पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक ठरवलं. दहा जणांनी दोन ओळी करून, दोर ओढत, दीड किलोमीटर पोहत जायचं आणि सगळ्यांचे हात एकदम वर आले पाहिजेत. तुलाराम सेहेचाळीस वर्षांचा होता, बाकीचे पंचविशीतले. त्याच्याच गावचा विनोद त्यात होता, ट्रॅक्टर चालवणारा, तुलारामच्याच हाताखाली तयार झालेला. सरावासाठी रोज सकाळी तीन-चार किलोमीटर पोहणं सुरू झालं, दोन महिने, एकही दिवस सुटी नाही. तिसऱ्या आठवड्यात तुलारामचा उजवा खांदा दुखायला लागला. त्यानं कोणाला सांगितलं नाही. म्हाताऱ्याला काढून टाका, असं कोणी म्हणू नये एवढंच त्याच्या मनात होतं.

प्रात्यक्षिक पाऊण तास चाललं. पाहुणे उशिरा आले आणि पथक मध्यावर असतानाच गाडीत बसून निघून गेले. ऊन फार होतं.

रोवणीच्या दिवसांत त्याला धानाच्या रोपांची, पऱ्ह्यांची, पेंडी बांधीतल्या चिखलात फेकता येईना. सदरा घालताना तो आधी उजवी बाही चढवायचा, मग तोंड वाकडं करून डावी. उजव्या कुशीवर झोपता येत नव्हतं. निर्मलानं टोरीचं, मोहाच्या बियांचं, तेल कोमट करून चोळलं. एका गावच्या हाड बसवणाऱ्यानं हात धरून असा झटका दिला, की तुलाराम तिथंच ओट्यावर बसला. भंडाऱ्याच्या एका डॉक्टरनं सुई मारली. पंधरा दिवस बरं वाटलं, सोळाव्या दिवशी होतं तिथंच. त्या अडीच महिन्यांत पथकातलं कोणी घरी आलं नाही. साहेबांच्या ऑफिसातून एकदा फोन आला, टी-शर्ट परत जमा करायचे होते.

भंडाऱ्यापुढच्या शहापूरच्या दवाखान्याचं नाव परसरामनं काढलं. त्याच्या साळ्याचा गुडघा तिथं बरा झाला होता. "औषिद देत नाई ते पोरगी," तो म्हणाला, "हातानंच करते अन् घरी कसरत देते. चाल, मी येतो." आणि ऑगस्टच्या मधल्या आठवड्यात परसराम स्वतः त्याला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेला.

हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाला लागून, एका खोलीत रुचिका हटवारचा दवाखाना होता. अठ्ठावीस वर्षांची, नागपुरात फिजिओथेरपी शिकलेली. तिनं त्याला विचारलं, "कुठे दुखतं ते दाखवा काका." त्यानं दंडाच्या बाहेरच्या बाजूला अख्खा पंजा ठेवला. तिनं त्याचा हात बाजूनं हळूहळू वर नेला. खांद्याच्या पातळीजवळ आल्यावर त्याचा श्वास अडकला. आणखी वर नेल्यावर थोडा सुटला. मग कोपर वाकवून तिनं हात आत फिरवला तेव्हा तो ओरडला.

"आता टेबलावर पालथे पडा आणि पोहून दाखवा."

"इथं?"

"पाणी आहे असं समजा."

त्यानं लाजत लाजत दोन-चार हात मारले. ती बाजूला वाकून बघत होती. "श्वास नेहमी डावीकडेच घेता. आणि उजवा हात पाण्यात जाताना डोक्याच्या पुढून आडवा पलीकडे जातो. पाठ वाकलीय, त्यामुळे खांदे पुढे आलेत."

"तुमी कुठं पोहता म्याडम?"

"मला पोहता येत नाही."

तेव्हा तो हसला. कित्येक दिवसांनी हसला, असं परसराम नंतर म्हणाला होता.

तिनं सोनोग्राफी करवून घेतली आणि कागदावर चित्र काढून समजावलं. खांद्याच्या वर हाडाचं छप्पर असतं. त्या छपराखालून स्नायूची दोरी जाते, हात उचलणारी. हात वर गेला की दोरी त्या फटीतून सरकते. पाठीचे आणि फऱ्याचे, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाचे, स्नायू थकले, की फरा हलायचा तसा हलत नाही, फट अरुंद होते आणि दोरी छपराला घासते. हजारो वेळा घासली, की सुजते. सुजली, की आणखी घासते. "तुमची तुटलेली नाही. हे नशीब समजा. बारा आठवडे लागतील. आणि या बारा आठवड्यांत मी सांगेपर्यंत पाण्यात जायचं नाही."

"कोनी बुडलं तं?"

"तरी नाही. ओढायचं नाही, झटका द्यायचा नाही."

तुलारामनं परसरामकडे पाहिलं. परसराम म्हणाला, "आयक न बापा. म्याडम सांगून राहिल्या तं."

आठवड्यातून दोनदा तो शहापूरला जायचा. अड्याळहून एसटीनं भंडारा, तिथून दुसरी गाडी. ती त्याला पालथं पाडून दोन फऱ्यांच्या मधल्या मणक्यांवर तळहाताच्या टाचेनं दाबायची. वर्षानुवर्षं वाकून घट्ट झालेली पाठ कधीकधी कट् करून वाजायची. मग उताणं करून, गळ्याच्या हाडाखाली छातीच्या कोपऱ्यात अंगठा रुतवून ती तिथला ताठलेला स्नायू सैल करायची. शेवटी दंड दोन्ही हातांत धरून खांद्याचा गोळा खाली आणि मागे सरकवायची, हळू, एका लयीत, घड्याळाकडे न बघता. "दहापैकी चारपर्यंत दुखलं तर चालेल. त्यावर गेलं तर सांगा." तो कधीच सांगायचा नाही. मग ती त्याच्या पायांकडे बघायला लागली; पायांची बोटं आखडली की हात थांबवायची.

एकदा ती चिडली. "दुखतं म्हणून तुम्ही सांगत नाही, म्हणूनच इथवर आलात काका."

घरी कसरती होत्या. गोठ्याच्या खांबाला रबरी पट्टा बांधायचा, कोपर आणि बरगडीच्या मधे टॉवेलची घडी धरायची आणि पट्टा बाहेरच्या बाजूला ओढायचा. पंधरा वेळा, असे तीन फेरे. भिंतीला दोन्ही तळहात लावून, कोपर न वाकवता, पाठ मागे ढकलायची म्हणजे फरे बरगड्यांवर पसरतात. उजव्या कुशीवर पडून त्या हाताचं मनगट डाव्या हातानं जमिनीकडे दाबायचं. पालथं पडून दोन्ही हात कानांच्या रेषेत तिरपे उचलायचे, अंगठे आभाळाकडे. निर्मलाला सुरुवातीला हसू आवरायचं नाही. "लोक म्हनतील, बिचाऱ्याले वेड लागलं." मग एक दिवस ती सुपात तांदूळ निवडता निवडता त्याचे आकडे मोजायला लागली. "बारा झाले जी. तीन राहिले. पळू नका."

सहाव्या आठवड्यात त्याचा हात न दुखता कानाला लागला. रुचिकानं कोन मोजला, वहीत लिहिला. "हात उठतोय. पण ताकद अजून डाव्याच्या दोन-तृतीयांशच आहे. आठव्या आठवड्यात पाण्यात उतरू, तेही दोनशे मीटर आणि डाव्या-उजव्या दोन्हीकडून श्वास घेत."

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. पाऊस लवकर थांबला होता आणि उशिरा येणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी पाहिजे होतं. सगळ्यांच्या मोटारी बॅकवॉटरवर लागल्या होत्या. दुपारी बाराच्या सुमाराला विनोद मोटारसायकल घेऊन तुलारामच्या बांधावर आला. गाडी बंदही केली नाही.

"काका, अश्विन गेला पान्यात."

"कधी?"

"दोन घंटे झाले. पाइपाच्या जाळीत कचरा अटकला म्हून उतरला होता. सोबतीले कोनी नव्हतं. कपडे अन् मोबाइल काठावर हाय."

तुलाराम विनोदच्या मागे बसला.  दोन तास म्हणजे काय, ते त्याच्याइतकं त्या गावात कोणाला कळत नव्हतं.

काठावर शंभरेक माणसं जमली होती. पोलीस आले होते. नागपूरहून सिलिंडरवालं पथक बोलावलंय, उद्या सकाळपर्यंत येईल, असं जमादार सांगत होता. परसराम पाण्याच्या अगदी कडेला उभा होता, चपला ओल्या चिखलात रुतलेल्या. तो रडत नव्हता. तुलारामला पाहिल्यावर त्याचा चेहरा जरा मोकळा झाला. बावीस वर्षं त्या पाण्यावर तुलाराम आला की माणसांचे चेहरे असेच मोकळे व्हायचे.

"तुल्या, आला तू. उतर बापा. माया पोराले बाहेर काढ."

तुलाराम पाण्याकडे बघत राहिला.

"परस्या, मले मनाई हाय."

परसरामला कळलं नाही. "काय?"

"ओढाची मनाई हाय. खांदा हाय न. तू होता न तेव्हा, म्याडमनं सांगतलं..."

"तो मेला हाय रे," परसराम म्हणाला. पहिल्यांदा त्याचा आवाज फुटला. "मले समजते, तो मेला हाय. वाचव नाई म्हनत मी. फक्त आनून दे."

तुलाराम म्हणाला, "विनोद उतरते. मी त्याले जागा दाखवतो."

आणि त्यानं उजवा हात वर केला. सरळ, खांद्याच्याही वर, बोट लांब करून. "विनोद, ते दोन मोहाचे झाड आठवते? सुकलेले? मोटारीपासून पान्याची ओढ तिकडं हाय. त्यायच्या खाली पाह्य." तो हात तसाच वर धरून दिशा दाखवत राहिला. शंभर माणसांनी तो हात पाहिला. कुठे थरथर नाही, कुठे अडखळ नाही.

विनोद उतरला. तीनदा खाली गेला. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याची मांडी फांदीनं फाटली होती आणि दात वाजत होते. "काही दिसत नाई काका. फांद्याच फांद्या हाय." जमादारानं त्याला बाहेर बोलावलं. एवढ्या फांद्यांत तुलारामशिवाय दुसऱ्याचं काम नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे आणखी कोणी पुढे झालं नाही. तुलाराम कपड्यांसकट गुडघाभर पाण्यात उभा होता. त्यापुढे तो गेला नाही.

नागपूरच्या पथकानं दुसऱ्या दिवशी दिवसभर शोधलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अश्विन आपोआप वर आला, त्या दोन मोहांच्या अगदी पलीकडे. वीस वर्षांचं पोर दोन रात्री पाण्यात राहिलं होतं. बायकांनी त्याच्या आईला धरून ठेवलं, तिला चेहरा बघू दिला नाही. चितेवर ठेवेपर्यंत तो कापडात बांधलेलाच होता.

तुलाराम मसणात गेला तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं सरकली.  परसरामनं त्याच्याकडे पाहिलंच नाही.

तेरवी झाल्यावर परसराम एकटा शहापूरला गेला. टायरच्या दुकानाजवळ गाडी लावली, रांगेतली माणसं संपेपर्यंत बाकावर बसला आणि मग आत जाऊन उभ्याउभ्याच रुचिकाला विचारलं, "म्याडम, तुमी त्याले मनाई केली होती, हे मले मालूम हाय. मी होतोच. मले एकच सांगा. त्या दिवशी त्याचा हात उठत होता का नाई?"

रुचिकाला अश्विनचं कळलं होतं. तिनं वही उघडली नाही. "उठत होता," ती म्हणाली.

"एक डाव खाली जाऊन आला असता तं खांदा तुटला असता का?"

"सांगता येत नाही. सूज परत आली असती. केलेली मेहनत वाया गेली असती कदाचित. ताकद पूर्ण आलेली नव्हती काका, आणि..."

"पन हात उठत होता."

"हो."

परसरामनं हात जोडले आणि तो निघाला. दोन दिवसांत ते गावभर झालं. डॉक्टरीणच म्हणते, त्याचा हात चांगला होता. चौकात, पिठाच्या गिरणीवर, बचत गटाच्या बैठकीत तेच. निर्मला दळण घेऊन गेली तर बायका बोलणं थांबवायच्या.

तुलाराम त्याच्या वाराला शहापूरला गेला. टेबलावर बसल्यावर विचारलं, "तुमी त्याले काहून सांगतलं म्याडम?"

"त्यांनी विचारलं. मी खोटं काय सांगू? पुढचंही सांगत होते. ते त्यांनी ऐकलं नाही." तिचा आवाज जरा चढला. "तुम्ही माझं ऐकलंत, काका. तुम्ही काहीच चुकीचं केलं नाही. हेच मी सगळ्यांना सांगेन, गावात येऊन सांगेन."

"नका येऊ."

बाहेर एक ट्रक हवा भरायला थांबला होता, त्याचा पंप बराच वेळ चालला. तो बंद झाल्यावर तुलाराम बोलायला लागला.

"खांद्याचं नव्हतं ते. तुमाले सांगतो, घरी पन नाई सांगतलं. हात उठते हे मले मालूम होतं. मी जाऊन आलो असतो. तो कुठं असन हे पन मले दिसून राहिलं होतं, इथं, डोयात. पन त्या पोराले माया मांडीवर ठेवलं होतं म्याडम. त्याले पोहाले मी शिकवलं. खाली जाऊन मी त्याचा हात धरीन, अन् तो कसा लागन हाताले, हे मले मालूम हाय. बाकीच्यायले नाई मालूम. बावीस वर्षं सगळे म्हनत, तुलाराम उतर. कोनी म्हटलं नाई का बापा, राहू दे आज. तुमीच पयल्यांदा म्हटलं, जाऊ नको. मले खांद्यानं सुटी देली होती. मी ते घेतली."

रुचिकानं त्याच्याकडे पाहिलं.  तिला ठाऊक असलेली सगळी वाक्यं हाडांची आणि स्नायूंची होती.

"पालथे पडा," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं नेहमीपेक्षा जास्त वेळ त्याची पाठ दाबली. त्याच्या पायांची बोटं आखडली नाहीत.

त्यानं बारा आठवडे पूर्ण केले. एक दिवस चुकवला नाही, एक कसरत सोडली नाही. आता आकडे मोजायला निर्मला बसत नव्हती, तो स्वतःच मनात मोजायचा. नोव्हेंबरात रुचिकानं शेवटची तपासणी केली. दोन्ही खांदे सारखे भरले, उजवा उलट थोडा जास्तच. तिनं त्याला कुठं थांबायचं, किती पोहायचं ते लिहून दिलं. तलावावर जाऊन पोहताना मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवा म्हणाली, हात आडवा जातो का ते बघू. तो हो म्हणाला. व्हिडिओ आला नाही.

पथकाच्या नव्या यादीत त्याचं नाव नव्हतं. ते कोणी त्याला सांगितलं नाही, प्रजासत्ताक दिनाला विनोदला प्रमाणपत्र मिळालं तेव्हा कळलं. विनोद पेढे घेऊन घरी आला. "काका, तुमीच शिकवलं मले," म्हणाला आणि पाया पडला. पण बसला नाही. चहा ठेवते म्हणून निर्मला आत गेली, ती बाहेर येईपर्यंत तो गेला होता.

परसरामनं बांधाच्या त्या अंगाला काटेरी तार ओढली. दोन शेतांच्या मधून जाणारी पायवाट बंद झाली. तुलाराम तारेला वळसा घालून जायला लागला. एकदा वाटेत समोरासमोर आले तेव्हा तो थांबला, म्हणाला, "परस्या, एक डाव बोल तरी." परसराम बैलासारखा मान खाली घालून बाजूनं निघून गेला.

यंदा मार्चमध्ये सकाळी दहाच्या सुमाराला तुलाराम अंगणात बसून विळ्याला धार लावत होता. तेवढ्यात रस्त्यावर पळापळ झाली. गावातल्या मनिषची डिंपल, तिसरीतली मुलगी, आजीबरोबर तलावावर गेली होती, घाटाच्या पायरीवरून सटकली. तुलारामचं घर तलावापासून सर्वांत जवळ. पन्नास पावलांवर तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, आहे. सात-आठ माणसं ओरडत त्याच्या दारावरून पळत गेली. "विनोदले बोलवा! विनोद कुठं हाय?" विनोदचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्यातल्या दोघांनी तर अंगणात बसलेल्या तुलारामकडे पाहिलंसुद्धा, आणि पुढे पळाले.

विळा टाकून तो उठला. पाळ चढून वर गेला तेव्हा सदरा काढत होता. पण विनोद त्या सकाळी पलीकडच्या बांधीत ट्रॅक्टर घेऊन आला होता आणि तिकडूनच पाण्यात उतरला होता. पोरीला त्यानं घाटावर आणलं होतं. मुलगी खोकली, उलटी केली, मोठ्यानं रडली. मनिष तिथंच पायरीवर बसून विनोदचे पाय धरायला लागला. बायका रडत होत्या, कोणी हसत होतं.

तुलाराम हातात सदरा घेऊन उघडा उभा होता. कोणीतरी मागून म्हटलं, "आता आला." तो वळला नाही. त्यानं सदरा घालायला घेतला.

गर्दीतून परसराम त्याच्यासमोर आला. पाच महिन्यांत त्याचे केस पांढरे झाले होते. तो तुलारामकडे बघत होता. त्याच्या छातीकडे, दंडाकडे, कसरतीनं भरून गोल झालेल्या उजव्या खांद्याकडे.

"खांदा बरा झाला न?" त्यानं विचारलं.

"हो," तुलाराम म्हणाला. "बरा झाला."

परसरामनं मान हलवली आणि तो पोरीला बघायला खाली घाटाकडे गेला.